सागाच्या जहाजाचं मॉडेल सागाचं का करू नये? आणि वाचकांचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात ट्रिंकोमालीवर लिहिलं होतं. 1817 साली मुंबईच्या गोदीत वाडिया या जहाज बांधणाऱ्या घराण्याने मलबारच्या सागापासून बांधलेलं ब्रिटिश नौदलाचं फ्रिगेट (मध्यम आकाराचं, वेगवान लढाऊ जहाज), जे आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. शेवटच्या ओळीत सहज सांगून गेलो होतो की याचं लाकडी मॉडेल मी घरी बनवतोय, आणि पत्रं आली ती जवळपास सगळी त्या एका ओळीवर. समुद्रापासून इतक्या लांब नागपुरात बसून इतके लोक जहाजाच्या गोष्टी विचारतील असं वाटलं नव्हतं, फार आनंद झाला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, पण ज्या प्रश्नांमध्ये बाकीच्यांचेही प्रश्न येऊन जातात ते घेतले आहेत.

प्रश्न: मार्चमध्ये बँकेतून रिटायर झालो. हाताने आजवर काही केलेलं नाही, पण जहाजांचं वेड लहानपणापासून आहे. मुलगा पुण्याहून म्हणतो, बाबा तुम्हाला व्हिक्टरीचा मोठा किट मागवून देतो. घेऊ का? (मनीषनगर)

मुलाला सांगा की प्रेम पोचलं, पण किट आत्ता नको. व्हिक्टरी म्हणजे 1765 साली पाण्यात उतरलेलं, ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सन ज्यावर होता ते, 104 तोफांचं जहाज. आता विचार करा, एका तोफेला गाडा, चार चाकं, दोन्ही बाजूंचे दोर, कप्प्या, हे सगळं एकदा करायला मजा येते, दहाव्यांदा सवय होते, आणि त्यानंतरही नव्वदच्या वर शिल्लक असतात. असे अर्धवट किट किती घरांच्या माळ्यावर पडून आहेत, मी स्वतः दोन पाहिले आहेत आणि दोन्ही ठिकाणी माणूस चांगला होता, चिकाटीचा होता, फक्त सुरुवात चुकीच्या ठिकाणी झाली.

तुम्ही एक डोलकाठीची उघडी होडी घ्या, मोठ्या जहाजांवर माणसं-पिंपं ने-आण करायला ठेवायचे तसली. 25-30 सेंटिमीटर लांबीची. तिच्यात कील आहे (कोकणात याला पठाण म्हणतात, जहाजाचा कणाच तो), फासळ्या आहेत, फळ्या आहेत, थोडं शीड-दोरकाम आहे, म्हणजे व्हिक्टरीत जे जे आहे ते सगळं आहे पण एकेकदाच आहे. रोज संध्याकाळी दोन तास बसलात तर तीन-चार महिन्यांत होईल. हत्यारं फार नकोत, चांगला कटर, हातात मावेल असा छोटा रंधा, दोन-तीन बारीक कानशी, बारीक भोकं पाडायचा हातातला गिरमिट, स्टीलची पट्टी, चिमटा, घासपेपर. मशीन काही घेऊ नका, मशीनने चूक पण फास्ट होते.

आणि पहिल्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात ठेवा, कारण खाली मी प्रत्येकाला तेच सांगणार आहे. 1:64 स्केल म्हणजे खऱ्या जहाजावरची 64 मिलिमीटरची वस्तू तुमच्याकडे 1 मिलिमीटरची, हे सगळ्यांना कळतं. पण स्केल फक्त लांबी-रुंदीला लागत नाही, लाकडाच्या रेषांना लागते, दोऱ्याच्या जाडीला लागते, खिळ्याच्या डोक्याला लागते, रंगाच्या थरालासुद्धा लागते. मॉडेल बघताना काहीतरी खेळण्यासारखं वाटतंय पण काय ते सांगता येत नाही असं होतं ना, तिथे नेमकं हेच चुकलेलं असतं.

प्रश्न: माझं लकडगंजात येणं-जाणं असतं, आरा मशीनवर ओळख आहे, सागाचे तुकडे जवळजवळ फुकट मिळतात. ट्रिंकोमाली सागाचं होतं तर मॉडेलही सागाचंच करावं ना? आपल्याइतका चांगला साग कुणाकडे आहे? (वर्धमाननगर)

साग आपलाच चांगला, वादच नाही, बल्लारशाच्या डेपोतून अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी लाकूड गेलं ते काही उगीच नाही. आणि जहाजासाठी पण सागासारखं लाकूड नाही. युरोपातल्या ओकमध्ये टॅनिक आम्ल असतं, ते लोखंडी खिळ्यांना खातं, सागातलं तेल उलट खिळ्याला सांभाळतं, वाळवी-बुरशी लवकर लागत नाही. ट्रिंकोमाली दोनशे वर्षं टिकलं त्यात मुंबईच्या कारागिरांचा हात आहे तसा या तेलाचा पण आहे.

पण तरी मॉडेलच्या बाहेरच्या फळ्या सागाच्या करू नका.

एक तुकडा घ्या, आडवा छेद ब्लेडने साफ कापा आणि भिंगातून बघा, ठिपक्यांसारखी भोकं दिसतील, रांगेत. मोठं भोक धरा पाव मिलिमीटरचं. 64 ने गुणा, 16 मिलिमीटर झालं. म्हणजे तुमच्या जहाजाच्या फळीवर, स्केलच्या हिशोबाने, अंगठा जाईल एवढ्या रुंद चरा लांबच्या लांब पडलेल्या आहेत. असल्या फळ्यांचं जहाज कोण बांधेल? लाकूड खरं आहे पण दिसतं खोटं, हे पचायला मलाही वेळ लागला.

त्यासाठी बारीक कणाचं लाकूड पाहिजे. परदेशात बॉक्सवूड, पेअर, चेरी वापरतात, ते इथे मागवायला गेलं तर किंमत ऐकून बसायला होतं. आपल्याकडे हळदू आहे! पिवळसर, घट्ट, रेषा जवळजवळ न दिसणारा, कंगवे आणि कोरीव काम ज्याचं व्हायचं तो. कटरने कापला की कड लोण्यासारखी साफ येते. ओळखीच्या आरा मशीनवाल्याला हळदू विचारा, आणि नाही मिळाला तर शिवण, ती हलकी आहे, रंग फिका आहे, नवीन माणसाला वाकवायला सोपी. आतले साचे, म्हणजे ज्यांच्यावर फळ्या बसतात ते आडव्या छेदांचे तुकडे, 4-5 मिलिमीटरच्या चांगल्या प्लायचे करा. सागाचा तुकडा फेकू नका, त्याचा खालचा स्टँड करा, तिथे साग शोभतो. आणि साग घासताना मास्क लावा, त्याच्या धुळीने पुष्कळांना खाज-शिंका सुरू होतात.

फळीची रुंदी काढायची पद्धत सोपी आहे. खऱ्या जहाजावर साधारण 10 इंच रुंद फळी धरा, 254 मिलिमीटर, भागिले 64, म्हणजे 4 मिलिमीटर. 1:96 ला तीच फळी अडीच-पावणेतीन मिलिमीटरची होईल, पहिल्या मॉडेलला तिकडे जाऊ नका.

प्रश्न: माझ्या फळ्या मध्यभागी छान बसतात पण नाळेकडे (जहाजाच्या पुढच्या टोकाकडे) आल्या की कौलासारख्या एकमेकींवर चढतात. फेविकॉल, फेविक्विक, टाचण्या, सगळं करून झालं. दोनदा उपटून काढलं. (नंदनवन)

दादा, चिकटवण्यात चूक नाहीच आहे, म्हणून चिकटवण्याने दुरुस्त होत नाही. हा प्रश्न अकरा जणांनी विचारलाय म्हणून जरा निवांत सांगतो.

एक कागदाची लांब पट्टी घ्या, आपल्या जुन्या गॅस सिलेंडरला गुंडाळा. सरळ आडवी गुंडाळली तर छान बसते. आता तीच पट्टी टरबुजाच्या एका टोकाकडे तिरपी न्यायचा प्रयत्न करा, एक कड ताणते, दुसरी कड उचलून उभी राहते. फळी तेच करते. लाकूड पसरट बाजूने वाकतं, कडेच्या बाजूने वाकत नाही, जबरदस्ती केली की एक कड वर उठणारच. आणि नाळेकडे जहाजाचा घेर कमी होत जातो, मग सगळ्या फळ्या पूर्ण रुंदीच्या राहिल्या तर जातील कुठे?

म्हणून आधी मोजायचं. समजा मधल्या साच्यावर डेकपासून कीलपर्यंत कागदाची पट्टी लावून घेर मोजला, 96 मिलिमीटर आला, फळी 4 ची, म्हणजे 24 फळ्या. आता तीच पट्टी नाळेजवळच्या साच्यावर लावा, तिथे 60 आला तर 60 भागिले 24, अडीच. म्हणजे प्रत्येक फळी मध्ये 4 आणि नाळेकडे अडीच पाहिजे, आणि ती तशी तुम्ही लावण्याआधी रंध्याने निमुळती करायची आहे, लावून झाल्यावर नाही. प्रत्येक साच्यावर असे भाग करून पेन्सिलच्या खुणा करून ठेवा. एक अट मात्र आहे, टोकाला फळी निम्म्यापेक्षा कमी रुंद करायची नाही, खऱ्या गोदीतही करत नसत कारण इतक्या अरुंद टोकात खिळा धरत नाही, फळी फाटते. हिशोब निम्म्याच्या खाली गेला तर दोन फळ्या तिथे संपवून पुढे एकच न्यायची. मागच्या बाजूला बहुतेक वेळा उलटं होतं, घेर वाढतो, तिथे मध्ये एक पाचरीसारखी जादा फळी घालतात.

पहिली फळी डेकच्या खाली लावा, दुसरी एकदम कीलला चिकटून, मग दोन्हीकडून मध्ये या. कीलजवळची फळी नाळेवर फार वर चढवू नका, बहुतेकांचं इथेच बिघडतं, ती वर गेली की तिच्या वरच्या सगळ्यांना जागा कमी पडते आणि दोष दिसतो तो दहा फळ्यांनंतर.

वाकवायला गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा, पातेल्याच्या बाहेरच्या गोलाईवर धरा किंवा इस्त्रीच्या टोकावर हळूहळू फिरवा, आणि आकार आला की *वाळू द्या*. ओली फळी चिकटवली की वाळताना आकसते आणि फट पडते. कपड्यांचे लाकडी चिमटे पकडायला उत्तम.

आणि दोन्ही बाजू सोबत चालवा, डावीकडे एक, उजवीकडे एक. हे मी माझ्या पहिल्या मॉडेलवर शिकलो. डावी बाजू इतकी सुंदर बसत गेली की चार रात्रीत ती पूर्णच करून टाकली, पाचव्या दिवशी सकाळी समोरून डोळा लावून बघितलं तर कील केळ्यासारखी वाकलेली, चांगली तीन मिलिमीटर. एका बाजूच्या फळ्या वाळल्या, आकसल्या, आणि त्यांनी कणाच ओढून घेतला. त्याला इलाज नसतो. ती हल, म्हणजे जहाजाची बॉडी, अजून माझ्या टेबलच्या वर ठेवली आहे, नवीन काम सुरू करताना एकदा हातात घेतोच.

प्रश्न: सर, मी शिवणकाम करते. मिस्टरांनी जहाजाची बॉडी पूर्ण केली आणि दोरकाम माझ्याकडे दिलं. मी सुती दोऱ्याने सगळं ताणून बांधलं, एप्रिलपर्यंत छान होतं. मे मध्ये लोंबायला लागलं म्हणून परत ताणलं तर जुलैत एक बारीक आडवी काठी मोडली. माझं काय चुकलं? (महाल)

ताई, तुमचं काही चुकलं नाही, आपल्या गावच्या हवेचं गणित कुणी तुम्हाला सांगितलं नव्हतं. सुती दोरा ओलावा पिला की फुगतो, आणि पीळ असल्यामुळे जाडी वाढली की लांबी कमी होते, म्हणजे पावसाळ्यात तो ताणतो. मे महिन्यात 45 डिग्री, हवा कोरडी ठाक, तो ढिला पडतो. तुम्ही ढिला असताना ताणलात, मग पाऊस आला आणि दोऱ्याने काठी मोडली. त्यात मॉडेल कूलरच्या खोलीत असेल तर विचारूच नका, रात्री कूलर सुरू म्हणजे पावसाळा, सकाळी बंद म्हणजे उन्हाळा, रोज एक वर्ष जातं त्याच्या अंगावरून. खऱ्या जहाजांवर पण हेच व्हायचं, ताग-अंबाडीसारखे दोर ओले-सुके होताना खलाशी सतत ढिले-घट्ट करत असत, पण ते काम करायला शेकडो माणसं होती.

म्हणून पॉलिस्टरचा दोरा घ्या, चमक नसलेला, इतवारीत शिवणाच्या सामानाच्या दुकानात सगळ्या जाडीचा मिळतो. पॉलिस्टर ओलावा जवळजवळ पीत नाही. मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढून घ्या म्हणजे लव बसते, कारण दोऱ्यावरची लव पण स्केलने मोठी होते, 1:64 ला ते दोराला केस उगवल्यासारखं दिसतं.

जाडीचं बघा. जुन्या जहाजांचे दोर घेराने मोजत, व्यासाने नाही. 9 इंची दोर लिहिला असेल तर तो 9 इंच जाड नाही, 9 इंच घेराचा, म्हणजे व्यास सुमारे 73 मिलिमीटर, 1:64 ला 1.1 मिलिमीटर. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे दोर जाड आणि काळपट, कारण त्यांना डांबर असायचं, आणि शिडं ओढायचे दोर बारीक, फिक्या रंगाचे. बांधताना एक जोडी उजवीकडे, मग एक डावीकडे, असं करत जा, डोलकाठी सरळ राहते. दोरांवरच्या शिडीच्या आडव्या पायऱ्या साधारण 13 ते 15 इंचांवर असत, तुमच्याकडे 5-6 मिलिमीटर येतील. लांबून जास्त मोकळ्या बऱ्या दिसतात म्हणून एक सेंटिमीटरवर बांधल्या तर स्केलने ते अंतर दोन फुटाच्या वर जातं, बिचारा खलाशी वादळात चढेल कसा? आणि तुम्ही हाताने शिवणारी बाई, पाचशे गाठी सारख्या ताणाने बांधणं तुम्हाला जमेल तसं आम्हाला जमत नाही. मिस्टरांनी योग्य माणसाकडे काम दिलंय.

प्रश्न: काका, मी नववीत आहे. शाळेच्या प्रदर्शनासाठी कान्होजी आंग्र्यांच्या गलबताचं मॉडेल करायचं आहे, पाच आठवडे आहेत. प्लॅन कुठे मिळेल? बाबा म्हणतात थर्माकोलचं कर. (त्रिमूर्तीनगर)

बेटा, थर्माकोल नको, लाकडातच कर, पाच आठवडे पुरतात, कसं ते सांगतो.

नकाशाचं तू बरोबर विचारलंस. ट्रिंकोमालीचे नकाशे लंडनहून निघाले ते जावा नावाच्या जहाजावर, 1812 मध्ये ते जहाज अमेरिकनांनी लढाईत घेतलं आणि नकाशे त्याच्यासोबत गेले. दुसरी प्रत येईपर्यंत मुंबईत काम अडलं, कील बसली 1816 ला. पण सगळी जहाजं कागदावरून बांधलेली नसतात. आपल्या नौदलाचं कौंडिण्य हे शिडाचं जहाज तुला माहीत असेल, अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून काढलेलं, फळ्या काथ्याने शिवलेलं, 2025 मध्ये नौदलात आलं. त्याचाही जुना नकाशा नव्हता, चित्रातून आकार काढला, आयआयटी मद्रासला मॉडेल करून पाण्यात तपासलं. म्हणजे मॉडेल हे शोधायचं साधन पण असतं.

आता तुझं गलबत. आधी गुराब आणि गलबत वेगळे कर, तुझ्या पत्रात दोन्ही एकच झालेत. 18 व्या शतकातल्या इंग्रजी नोंदींप्रमाणे गुराब मोठं, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं, तीनवालं साधारण 300 टनी, पुढे चोचीसारखा लांब निघालेला भाग आणि त्याच्यावरून पुढे मारा करणाऱ्या तोफा. गलबत लहान, मोठ्यात मोठं 70 टनांच्या आसपास, दोन डोलकाठ्या पण मागची बारीकशी, मोठ्या डोलकाठीवर तिकोनी शीड, आणि 40-50 वल्ही. दोन्हीही उथळ पाण्यात चालणारी, खाडीत शिरणारी, हे आपल्या आरमाराचं बळ.

यातून तूच लांबी काढ. 40 वल्ही म्हणजे एका बाजूला 20. एका वल्हेकऱ्याला बसून ओढायला मीटरभर जागा धर, 20 मीटर झाले, पुढे-मागे मिळून पाचेक मीटर. 25 मीटर. 1:72 ला 35 सेंटिमीटर. हा अंदाज आहे, आणि प्रदर्शनात विचारलं तर अंदाज आहे असंच सांग, गणित दाखव, परीक्षकांना ते आवडेल.

आणि अख्खं नको, अर्धं कर. लांबीत मधोमध चिरलेलं जहाज, एका पाटीवर बसवलेलं. जहाज बांधणारे लोक स्वतः असंच अर्धं मॉडेल करून आकार ठरवत, त्यामुळे ही पळवाट नाही. 5 मिलिमीटरच्या शिवणीच्या पट्ट्या, प्रत्येक थराचा आकार पुठ्ठ्यावर काढून कापायचा, एकावर एक चिकटवायच्या, पायऱ्या-पायऱ्यांचा डोंगर दिसेल, मग पटाशी आणि घासपेपरने पायऱ्या जाईपर्यंत घास. पटाशी चालवताना बाबा जवळ पाहिजेत आणि दुसरा हात धारेच्या पुढे कधीच नाही. शेवटी डेकवर एक माणूस उभा कर, 23 मिलिमीटर उंचीचा. तो उभा राहिला की बघणाऱ्याला गलबत केवढं होतं ते एका क्षणात कळतं. झाल्यावर फोटो पाठव, मी वाट बघतोय.

प्रश्न: किटमधल्या शिशाच्या तोफांवर काचेच्या पेटीत पांढरी पावडर येतेय. पुसली की परत येते. (धरमपेठ)

शिसं गंजतंय. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड), प्लाय आणि पांढरा फेविकॉल यातून आम्लाची वाफ हळूहळू निघत राहते, बंद पेटीत साठते आणि शिशाला खाते. पुसू नका, ती पावडर विषारी आहे, हातमोजे घालून तोफा काढा आणि पितळेच्या किंवा लाकडाच्या करून बसवा. पेटीला खाली-वर बारीक भोकं ठेवा, आतून जाळी लावा म्हणजे धूळ आणि झुरळं येणार नाहीत. आणि पेटी कूलरच्या झोतापासून लांब, पश्चिमेच्या भिंतीला टेकवून तर अजिबात नको, ती भिंत आपल्याकडे रात्री दहापर्यंत गरम असते.